मेणातले दात

अमळनेरच्या स्टँडमागे, सायकल दुकानावरच्या खोलीत
मी दात करतो.
तोंडं मला दिसत नाहीत.
तोंडं राहतात पारोळ्याला, चोपड्याला, धरणगावला;
माझ्याकडे येतात त्यांचे ठसे,
मिठाईच्या खोक्यात, ओल्या कापसात,
कंडक्टरच्या सीटखालून, वर सुतळी.
आत डॉक्टर बडगुजरबाईंच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी:
खालची डावी दाढ, रूट कॅनल झालंय, टोपी.
पुढचे दोन, लग्न अठ्ठावीसला, जरा उजळ.
पूर्ण कवळी, वरची खालची. रंग ए-थ्री.

ए-थ्री म्हणजे दादरची भाकरी,
तव्यावरून नुकती उतरलेली.
मी तसंच वाचतो.

ठशावरून माणूस थोडाफार कळतो.
तंबाखूची गोळी कुठल्या गालात असते,
सुपारी कुठल्या दाढेवर फुटते,
कोण रात्री झोपेत दात खातो
आणि दिवसभर सगळ्यांशी गोड बोलतो.

मे महिन्यात मेण ऐकत नाही.
संध्याकाळी रांगेत लावलेले दात
सकाळी एकमेकांच्या कानाला लागलेले.
मी माठाच्या बुडाशी ओलं पोतं अंथरतो
आणि त्यावर जबडे मांडून ठेवतो.
पाणी प्यायला आलेला दचकतो.

अशाच एका दुपारी
जिना चढून सुपडाबाई आल्या.
तोंडाला पदर, हातात पितळी डबा,
डब्यात त्यांची मेणातली कवळी,
डॉक्टरांनी घालून बघायला दिलेली.
मागे मुलगी वैजंता, तिच्या कडेवर पोरगा.
"दात गैरा चांगला शेतस भाऊ,
पन हाई तोंड मन्हं नही वाटस."

डबा उघडला.
पारोळ्यापासून ऊन खात आलेलं मेण,
सगळी रांग एका अंगाला बसलेली.
तीन रात्रींचं काम.
मी कपाळाला हात लावणार,
तेवढ्यात बाईंनी बोट ठेवलं
डाव्या सुळ्यावर.
तो वितळून शेजाऱ्याच्या पुढे आला होता,
खांदा मारून गर्दीत शिरल्यासारखा.
"हाऊ," त्या म्हणाल्या. "हाऊच."
आणि मुलीची हनुवटी धरून माझ्याकडे वळवली:
"हिना तोंडमा देख."

वैजंताने ओठ घट्ट मिटले.
मग हसूच आलं तिला, आणि मला दिसला
तोच सुळा, तसाच पुढे,
नुकत्या बसवलेल्या तारेखाली.
दीड वर्ष लागेल म्हणाले, ती म्हणाली,
हप्ते बांधून दिलेत.
आईने तिच्याकडे पाहिलं नाही,
डब्याचं झाकण पदराने पुसत राहिली.

दोघींच्या मधे मी काय बोलणार.
माझ्याकडे एक गरम सुरी आहे
आणि खोक्यात सुट्टे दात, आकाराप्रमाणे,
वाकडे कुणी विकत नाही.

पोरगा तेवढ्यात पोत्यावरचा जबडा उचलून
त्याला चिवडा भरवत होता.
त्याचं तोंड उघडलं, सवयीनं पाहिलं:
मागे नुकतीच आलेली दाढ, कोरी,
खाचांत पांढरट लेप भरलेला.
शाळेतल्या तपासणीत लावला म्हणे, फुकट.
टिकला तर
ह्या पोराचं खोकं माझ्याकडे येणार नाही,
ना टोपीचं, ना कवळीचं.
बरं वाटलं.
मग खोलीचं भाडं आठवलं.

त्या गेल्यावर सुरी तापवली,
सगळी रांग उतरवून पुन्हा लावली, सरळ.
सुळा शेवटी.
किती पुढे?
वैजंताचा आठवून पाहिला,
मग थोडा अजून, आईचा असेल तेवढा.
स्वतःच्या खालच्या दाढेत जीभ गेली,
तिथे दोन वर्षं खड्डा आहे, थंड पाण्याला ठणकतो.
बडगुजरबाई विचारतात दर वेळी,
मी म्हणतो, येतो.

पाच-दहाची पारोळा हॉर्न देत होती.
मी खोकं घट्ट बांधलं,
खाली धावत जाऊन कंडक्टरला म्हणालो,
झिपरूभाऊ, उन्हात ठेवू नका,
एकदा चाललं, दुसऱ्यांदा चालायचं नाही.